शिकाऊ कोपर

हर्षला झोपे गच्चीच्या जिन्यावरून पडली ती पापडांपायी. त्या वर्षी सावद्यात चैत्रातच ऊन असं तापलं होतं, की उडदाचे पापड वाळायला घालून खाली उतरावं तोवर ते कडक होऊन काढायला यायचे. हर्षला भरली परात घेऊन उतरत होती, चप्पल सटकली. परात सोडली असती तर हात टेकता आला असता. पण सासूच्या हातचे पापड, ते कसे सोडायचे? तिनं परात पोटाशी धरून ठेवली आणि सगळा भार पायरीच्या धारेवर, उजव्या कोपरावर घेतला. पापड एकही फुटला नाही. कोपराचा मात्र चुरा झाला.

जळगावच्या डॉक्टर अत्तरदे बाईंनी फोटो पडद्यावर लावला तेव्हा हर्षलाचा नवरा ललित खुर्चीत बसला. एरवी केळी पिकवण्याच्या शीतगृहातली एवढाली यंत्रं उघडून बसणारा माणूस, पण बायकोच्या हाडांचे तुकडे काही त्याला बघवेनात. दंडाच्या हाडाचं खालचं टोक, ज्याच्यावर कोपर फिरतं, ते जागेवर नव्हतंच म्हणा ना. बाई म्हणाल्या, प्लेटा आणि स्क्रू लावायचे तर स्क्रूला धरायला सलग हाड हवं, आणि इथं ते उरलेलं नाही. सांधाच बदलावा लागेल. एक दांडा दंडाच्या हाडात, दुसरा मनगटाकडे जाणाऱ्या हाडात, आणि मध्ये बिजागरी.

असे सांधे पूर्वीही बसवत. पण त्यांची एक खोड होती. भार पडत गेला की दांडे हाडात सैल व्हायचे, म्हणून पेशंटला सांगून टाकत, की या हातानं जन्मात भरली कळशी उचलायची नाही. आता नवा सांधा आला होता. त्याला दवाखान्यात सगळे ‘शिकाऊ सांधा’च म्हणत. त्याच्या बिजागरीत वालाच्या दाण्याएवढी मोटार. आपण हात हलवायच्या क्षणभर आधी स्नायूंत विजेची बारीक लहर उठते, ती हा सांधा टिपतो, पुढं कोणती हालचाल येणार ते ताडतो आणि भार येण्याआधीच त्याला खांदा देतो. म्हणून दांडे सैल होत नाहीत. फक्त कुठल्या लहरीमागून कुठली हालचाल येते, हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. ते शिकायला सांध्याला काही आठवडे लागतात. त्या दिवसांत हात जसा वागेल तसं सांध्याला वळण लागतं, आणि लागलं की ते पक्कं.

“तेव्हा दुखलं तरी स्वतः हलवायचा,” बाईंनी हर्षलाला बजावलं. “घरच्यांनी नुसता आधार द्यायचा.”

घरी आल्यावर मात्र दवाखान्याचा कायदा संपला आणि कोकिळाबाईंचा सुरू झाला. कोकिळाबाई म्हणजे हर्षलाची सासू. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, आवाजानं दणदणीत. त्यांच्या हातच्या पुरणाच्या मांड्यांचं नाव पार रावेर-यावलपर्यंत. लग्नकार्य निघालं की आधी कोकिळाबाईंची तारीख घेत, मग भटजींची, अशी गंमत लोक सांगत. पुरणाचा गोळा भरून पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत नेऊन ताणायची आणि उपड्या खापरावर अलगद सोडायची, हे त्या बोलता बोलता करत. हर्षला नाशिकची. लग्नाला वीस वर्षं उलटली तरी तिचा मांडा हातावरच फाटायचा. त्यावरून तिची थट्टा व्हायची, पण ती मनाला लावून घ्यायची नाही. ती केळीच्या रोपांच्या प्रयोगशाळेत कामाला. काचेच्या बाटलीतला नखाएवढा कोंब चिमट्यानं उचलून दुसऱ्या बाटलीत लावायचा, न थरथरता. तिचा हात तिथला होता आणि तिला त्याचा अभिमान होता.

तर कोकिळाबाईंनी जाहीर केलं, की पोटातून बाळ येवो नाहीतर हाडात लोखंड जावो, देहाला सव्वा महिना विसावा पाहिजे. बाळंतिणीची खोली तशी खोली झाली. तीच शेक-शेगडी, तेच डिंकाचे लाडू, तीच दारातून परतवलेली पाहुणेमंडळी. राहिला प्रश्न हात हलवायचा. पहिल्या दिवशी हर्षलानं दात-ओठ खाऊन तो जरासा वाकवला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सासूला पाहवलं नाही. म्हातारीनं आपल्या जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडली, सुनेच्या मागं चिकटून बसली, सुनेचा हात आपल्या हातावर ठेवून दोन ठिकाणी बांधला.

“तू सोड वं अंग,” त्या म्हणाल्या. “मी माझी कामं करते. हात आपोआप हलतो का नाही बघ.”

आणि खरोखर हलला, दुखायचाही कमी. कोकिळाबाईंनी त्या जोडहातानं शेंगा फोडल्या, वाती वळल्या, जप केला, माशा हाकलल्या, पदर सावरला, ललितच्या ताटात तूप वाढलं. पुढंपुढं तर कणीक मागवून मांडेही हातावर खेळवले. हर्षला त्यांच्या छातीला टेकून पेंगायची. माहेरी आई लहानपणीच गेलेली. एवढा लाड तिचा कुणी केला नव्हता, हे खरंच आहे. मनगटाला बांधलेलं यंत्र रोज दवाखान्याला खबर धाडायचं आणि तिकडून उत्तर यायचं, की हालचाल उत्तम. यंत्राला हालचाल कळत होती, माणूस थोडाच कळत होता! दुसऱ्यानं हलवला तरी स्नायू थोडीफार साथ देतात, लहर उठते. सांधा मन लावून शिकत राहिला.

सव्वा महिना झाला, पट्टी सुटली. पहिल्यांदा हसू आलं ते पदरावरून. दारात परका माणूस आला की कोकिळाबाईंचा हात तोंडाशी पदर न्यायचा. आता दोन हात एकदम जायला लागले, एक सासूचा, एक सुनेचा, आणि सुनेच्या अंगात तर पंजाबी ड्रेस. शेजारणी हसून बेजार. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं तोंडावर म्हणून गेल्या. मग एका रविवारी हर्षलानं सहज गोळा हातात घेतला. कोपर उचललं गेलं, पाठोपाठ खांदा गेला, बोटं उघडली, डावा हात झेलायला धावला आणि मांडा एवढा मोठा होऊन खापरावर उतरला, कुठं चीर नाही. कोकिळाबाईंनी तोंडात बोट घातलं. मग त्या रडल्या. आपल्यामागं हे जाणार, ही खंत त्यांना होती. आता गेली.

डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, यात जादू नाही. सांधा फक्त वाकणं आणि वळणं जाणतो, बोटं त्याच्या ताब्यात नाहीत. पण अर्धी हालचाल सुरू झाली, की उरलेली अर्धी शरीर आपणहून पुरी करतं. कुणी आपला हात धरून लिहायला लावलं की बोटं कशी वळतात, तसं. शिकवणी कुणी दिली ते ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला, पण दांडे घट्ट होते आणि हात छान चालत होता. हर्षला म्हणाली, असू दे. प्रयोगशाळेत मात्र अधूनमधून घोटाळा व्हायचा. काचेच्या कपाटात, जिथं धूळही जाऊ शकत नाही, तिथं तिचा हात नसलेली माशी हाकलायचा.

पौषात कोकिळाबाई गेल्या. दिवाळीपासून अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यात हर्षलाची दवाखान्यातली पुढची तपासणीही राहिली. सकाळी चहा घेऊन गेलेल्या ललितला त्या थंड लागल्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. कोकिळाबाईंची मेल्यावरही गेली नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि ललित पहिल्यांदा स्वयंपाकघरात जेवायला बसला. हर्षला वाढत होती. तिचा हात तुपाच्या भांड्याकडे गेला, पळी वरून उंच धरून त्यानं तुपाची धार सोडली आणि वाटीभर झालं तरी थांबेना. कोकिळाबाई अशाच वाढायच्या, पोरानं पुरे म्हणेपर्यंत. ललितनं पुरे म्हटलं नाही. तो घास हातात धरून त्या हाताकडे बघत राहिला. सासू असताना जी गंमत होती ती आता गंमत राहिली नव्हती.

पुढं तर हात जास्तच सुटला. दिवेलागणीला ती फोनवर बोलत असली तरी तो कपाळाकडे जायचा. कुणी शिंकलं की छातीवर टेकायचा. हर्षला आरशासमोर उभी राहून त्याला सांगायची, खाली हो. तो खाली व्हायचाही. पण तिचं लक्ष जरा दुसरीकडे गेलं, की पुन्हा आपल्या उद्योगाला लागायचा.

ललितला मात्र ते आवडू लागलं. आधी तो गमतीनं म्हणाला, डोक्यावरून हात फिरव. तिनं फिरवला. कोकिळाबाई टाळूपासून मानेपर्यंत हात न्यायच्या आणि मानेवर दोनदा थोपटायच्या. हातानं तसंच केलं. ललित हमसून हमसून रडला. आईवेडा मुलगा, रडून मोकळा झाला तर बरंच, असं तिला वाटलं. पण ते रोजचंच झालं. शीतगृहातून आला की तो तिच्यापुढं पाठ करून बसायचा, म्हणजे तिचं तोंड दिसायला नको. हळूहळू त्यानं आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. कारण विचारलं तर उकाडा म्हणाला. हर्षला भोळी नव्हती. ज्या हाताला आईचा हात मानलं, त्या हाताच्या बाईजवळ नवरा म्हणून कसं जायचं, हे त्याला उमगत नव्हतं. नवरा-बायकोत जे असतं ते त्या घरातून मुकाट्यानं उठून गेलं. मुलगी बंगळुरात शिकत होती. हर्षलाशी बोलायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

एका दुपारी हर्षलाचा डोळा लागला होता. जाग आली ती बोलण्यानं. पापण्या किलकिल्या करून पाहिलं तर ललित पलंगाशी जमिनीवर बसलेला. तिचा उजवा हात त्यानं आपल्या मांडीवर घेतला होता आणि तो हाताला सांगत होता, की कॉम्प्रेसर बिघडलाय, माल काळा पडतोय, काय करू गं माय. ती बोली तो आईशीच बोलायचा, बायकोशी कधीच नाही. हर्षलाला भीती वाटली ती त्याच्या बोलण्याची नव्हे. ती गाढ झोपेत होती तरीही तिचा हात त्याच्या गुडघ्यावर हळूहळू थोपटत होता. किती वेळ हे चाललं होतं, कोण जाणे. ती डोळे मिटून पडून राहिली आणि थोपटणं थांबायची वाट बघू लागली.

मग आखाजी आली. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. ललितची थोरली बहीण शैलाताई भुसावळहून आली. आईविना पहिली आखाजी, दारातच तिला भरून आलं. तोच हर्षलाचे दोन्ही हात उचलले गेले, शैलाताईच्या गालांवरून फिरले आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडून त्यांनी तिची अलाबला घेतली. शैलाताईनं किंकाळीच फोडली. मग ती त्या उजव्या हाताला बिलगली.

दिवसभर बहीणभावांनी हात सोडला नाही. घागर पुजली त्याच हातानं, मांडे केले त्याच हातानं, आमरस वाढला त्याच हातानं. दोघं शेजारी शेजारी बसून लहानपणीचं बोलत जेवली. “आता माझं माहेर तुटलं नाही,” शैलाताई म्हणाली. ते ती हर्षलाला म्हणाली की हाताला, हे सांगता येत नाही. संध्याकाळी ती गेल्यावर हर्षलाच्या ध्यानात आलं, की दिवसभरात आपल्याला कुणी नावानं हाक मारलेली नाही.

तिनं ललितला दारापुढच्या ओट्यावर गाठलं आणि सरळ सांगितलं, की मी जळगावला जाऊन सांध्याचं हे वळण पुसून घेणार. कोरा करून घेणार. दुखलं तर दुखलं, पुन्हा पहिल्यापासून शिकेन.

ललितचा चेहरा पडला. “आईला एकदा पोचवून आलोय मी,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा मला नाही जमायचं.”

“आणि मी कुठं गेले, ते विचारशील का कधी?”

त्यानं उत्तर दिलं, की तू तर आहेसच ना इथं. पण हे बोलताना तो तिच्या हाताकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी ती एकटीच जळगावच्या बसमध्ये बसली.

डॉक्टर अत्तरदे बाईंनी कोपरावर वाचनाचं यंत्र धरलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. हर्षलानं घरचं सगळं सांगितलं होतं, काही राखलं नव्हतं. लाज वाटली तरी सांगितलं. वाटेल ते करा पण हे पुसा, म्हणाली.

“पुसायला काही नाहीये, हर्षलाताई,” बाई म्हणाल्या.

म्हणजे काय, तिला कळेना. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली. या सांध्यातली मोटार ही कुबडीसारखी असते. हाड दांड्यांभोवती भक्कम भरलं आणि मेंदूनं नव्या कोपराचा अंदाज घेतला, की मोटार आपणहून मागं सरते आणि बंद होते. मग ती नुसती बिजागरी. एरवी याला दोन-तीन वर्षं लागतात. तुमचं लवकर झालं. दिवाळीनंतरच्या तपासणीतच हे कळलं असतं, तुम्ही आला नाहीत.

“बंद कधी झाली?”

“दिवाळीच्या सुमाराला.”

हर्षला मनाशी जुळवत बसली. दिवाळीला कोकिळाबाई जिवंत होत्या. त्या गेल्या पौषात. तूप वाढलं ते त्यानंतर. डोक्यावरून फिरला तो त्यानंतर. झोपेत थोपटत होता, शैलाताईची अलाबला घेतली, ते सगळं त्यानंतरचं. त्यातल्या एकाही हालचालीला त्या वालाएवढ्या मोटारीनं बोट लावलेलं नव्हतं.

“मग हे करतंय कोण?” तिनं विचारलं.

बाई जपून बोलल्या. सांधा अर्धी हालचाल करायचा आणि तुमचं शरीर उरलेली अर्धी पुरी करायचं. पुरी करता करता मेंदू सगळीच शिकला. सांध्यानं हात काढून घेतला, तुमच्या लक्षातही आलं नाही. आता ते तुमचंच आहे. सायकल शिकलेलं माणूस ठरवून ती विसरू शकत नाही, तसं हे मला बाहेरून काढता येणार नाही. सवयीनं कमी होईल कदाचित. मग त्यांनी विचारलं, की सासूबाईंवर तुमचा फार जीव होता का?

हर्षलानं मान हलवली. होता. तिला बांधून घेऊन बसलेली ती म्हातारी, तिची छाती, डिंकाच्या लाडवांचा वास, सगळं एकदम वर आलं आणि ती त्या खुर्चीत बसून रडली. मेलेल्या बाईसाठी ती आज पहिल्यांदा रडत होती. ललितचं सांत्वन करण्यात तिचं रडायचं राहूनच गेलं होतं.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा आणि वरून औषधाची फवारणी करणारी ड्रोन. तिचं कशात लक्ष नव्हतं. खरं सांगावं तर काय होईल, हे तिला लख्ख दिसत होतं. ललितला मोटारीचं काही पडलेलं नाही. आई हाडातल्या यंत्रात नाही, बायकोच्या मेंदूतच आहे, हे त्याला कळलं, की तो आनंदानं वेडा होईल. मग तो डोक्यावरच्या हातावर भागवणार नाही. उद्या म्हणेल, आईसारखी हाक मार. परवा म्हणेल, तिचं लुगडं नेस. आणि त्याच्यासाठी ती नेसेलही, ही खरी भीती होती. कारण आता त्या हाताला नको म्हणायला दुसरं कुणी नव्हतं. तिचं तिलाच म्हणायचं होतं.

ललित ओट्यावर वाट बघत होता. चहा झालेला नव्हता, दाढी वाढलेली. तिला पाहून तो उभा राहिला.

“पुसलं,” हर्षला म्हणाली.

“सगळं?”

“सगळं. कोरा आहे आता.”

तो जागच्या जागी खाली बसला. आई गेली तेव्हा रडला नसेल इतका रडला, आवाज काढून, शेजारपाजार ऐकेल याची फिकीर न करता. हर्षला त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. किती महिन्यांनी पाहिलं, कुणास ठाऊक. डोळे सुजलेले, पण बघत होता तो तिलाच. खूप दुखेल का गं पुन्हा शिकताना, असं त्यानं विचारलं.

दुखेल, ती म्हणाली. आणि त्याच वेळी तिच्या खांद्यातून ती ओळखीची उचल आली. कोपर वाकू लागलं, पंजा उघडला, त्याच्या टाळूच्या दिशेनं निघाला. यात मोटार नव्हती, सासू नव्हती. हे सगळं तीच करत होती आणि तिला ते करायचं होतं, जिवापासून करायचं होतं.

तिनं डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं, मांडीवर दाबलं, आणि त्याचं रडणं पुरतं थांबेपर्यंत सोडलं नाही.